शह कोणाला?

१९९४ सालची गोष्ट. नोकरीत मला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि मध्य भारतातल्या एका मोठ्या शहरात माझी नेमणूक होती. एके दिवशी दुपारी नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध बाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या पाटीवरचे माझे आडनाव वाचून त्यांना धीर आला असावा. "साहेब, तुम्ही आपल्याकडचेच ना?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता त्या आत आल्या. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या त्याच शहरात गेल्या होत्या आणि बोलण्यात हिंदीचा हेल आला होता. यजमान एका सरकारी कारखान्यात फिटर होते. निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना वारले. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम बाईंना मिळायची होती.

"आजी, खाली खिडकीवर विचारलंत का?" मी म्हटले.

"विचारलं ना. सात महिने विचारतेय. दर वेळी सांगतात, माताजी, आपका चेक चल रहा है. निघालाय म्हणतात तर पोचेल आज ना उद्या, म्हणून मी आपली घरी जाते. पण साहेब, इतक्या लांबून येतोय तरी कुठून तो?"

मला प्रथम हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. खिडकीवरचा कारकून खोटे बोलत नव्हता. 'चेक' चालू आहे, म्हणजे तपासणी चालू आहे, असे त्याला म्हणायचे होते. बाईंनी ऐकला तो दुसरा 'चेक', ज्यावर रक्कम लिहिलेली असते तो. इंग्रज या दोन शब्दांची अक्षरे वेगळी लिहितो, पण आपल्या लिपीत आणि आपल्या कानांत ते एकच आहेत. त्या एका शब्दाच्या भरवशावर एक विधवा सात महिने निमूटपणे घरी परत जात होती.

मी नस्ती मागवली. अडचण नावाची होती. सेवापुस्तकात वारस म्हणून पत्नीचे एक नाव होते आणि बँकेच्या पुस्तकात दुसरे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत त्या प्रांतातल्या कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माहेरचे नाव एका कागदावर राहिले होते आणि सासरचे दुसऱ्यावर. एका साध्या शपथपत्राने काम भागले असते, पण ते मागायचे कोणाला सुचले नाही. टिपणीवर 'तपासले' या अर्थाच्या सात खुणा मात्र होत्या. आठवी खूण माझी होती, तीन आठवड्यांपूर्वीची. मी ती नस्ती न वाचताच पुढे सरकवली होती. त्याच आठवड्यात एका पुरवठादाराचे काही लाखांचे देयक मी अर्ध्या तासात मंजूर केले होते, कारण ते तातडीचे आहे असा वरून निरोप होता. त्यावर दोनच खुणा होत्या.

त्या दिवसापासून या 'चेक' शब्दाने माझा पिच्छा पुरवला. पुढे वेळ मिळाला तसा मी त्याच्या कुळाचा शोध घेतला. जे हाती लागले ते मनोरंजक तर आहेच, पण आम्हा प्रशासनातल्या मंडळींना अंतर्मुख करणारेही आहे, म्हणून ते वाचकांपुढे ठेवतो.

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचा, म्हणून त्याचे नाव चतुरंग. तो भारतातून इराणात गेला, तेथे त्याचा 'चतरंग' झाला आणि अरबांनी 'शतरंज' केला. राजावर हल्ला झाला की प्रतिपक्षाने 'शाह', म्हणजे 'राजा', असे मोठ्याने म्हणून सावध करायचे, ही रीत इराणात रुजली. हा 'शाह' अरबी भाषेतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला आणि इंग्रजीत येईपर्यंत त्याचा 'चेक' झाला. 'शाह मात', म्हणजे राजा हतबल झाला, त्याचा 'चेकमेट' झाला. हाच 'शाह' जवळच्या वाटेने मराठीतही आला. 'शह देणे', 'काटशह', 'संकटावर मात करणे' हे आपले रोजचे वाक्प्रचार त्याच घराण्यातले आहेत. म्हणजे इंग्रजीतला 'चेक' आणि मराठीतला 'शह' ही एकाच आईची लेकरे. एक युरोपला प्रदक्षिणा घालून, सुटाबुटात आपल्या कचेऱ्यांत परतले. दुसरे घरीच राहिले. समोरासमोर आल्यावर त्यांनी एकमेकांना ओळखले नाही, इतकेच.

येथून पुढची कथा पटावरून तिजोरीकडे वळते. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिये' म्हणत. त्यावरून चौकटी असलेल्या कापडाला 'चेक' हे विशेषण लागले. आपण चेक्सचा सदरा म्हणतो तो हाच. चढउतारांनी भरलेल्या आयुष्यालाही इंग्रज याच काळ्यापांढऱ्या चौकटींची उपमा देतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेबनीस एका मोठ्या मेजावर रेघांनी चौकटी पाडलेले कापड अंथरून त्यावर नाण्यांसारख्या चकत्या मांडून हिशेब करीत. पटासारख्या दिसणाऱ्या त्या मेजावरून राजाच्या खजिन्याचेच नाव 'एक्स्चेकर' पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्या मेजाचे नाव आपल्या पदात मिरवतो.

या मेजावर काय चाले, हे रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकाच्या अखेरीस गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहून ठेवले आहे. परगण्यापरगण्यांचे शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीने महसूल गोळा करणारे अंमलदार, वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमासला, तेथे हजर होत. मेजाच्या एका बाजूला राजाचे अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. येणे किती आणि भरणा किती, ते चकत्यांनी मांडले जाई. फिट्झनील म्हणतो की हा खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला डावच आहे. शेरीफाला लिहितावाचता येत नसले तरी आपल्याकडे किती बाकी निघते हे त्याला चकत्यांवरून डोळ्यांनी दिसे. तपासणी जिची चालली होती ती सत्ता होती, आणि चालली होती ती उघड्यावर, सर्वांच्या साक्षीने.

भरणा केल्याची पावती म्हणून लाकडाची काठी मिळे. तिच्यावर रकमेच्या खाचा पाडत. हजार पौंडाची खाच तळहाताच्या रुंदीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची सातूच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला देत आणि दुसरा खजिन्यात ठेवत. वाद उद्भवला की दोन्ही भाग जुळवून पाहायचे. इंग्रजीतला 'टॅली' तो हाच. लॅटिनमध्ये त्याच्या पूर्वजाचा अर्थ काठी असा आहे. आपला 'ताळा' कानाला त्याच्या जवळचा वाटतो, पण आवाज जुळला म्हणून नाते जोडण्याचा मोह आवरावा. नोकरशाहीची चिकाटी पाहा: ही पद्धत १८२६ पर्यंत रेंगाळली. निरुपयोगी झालेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, त्या आगीने ब्रिटिश संसदेचीच इमारत भस्मसात केली. जुने अभिलेख वेळेवर निकालात न काढण्याचे इतके महागडे उदाहरण दुसरे नसेल.

आजींच्या दुसऱ्या 'चेक'चे मूळही याच परिसरात आहे. अठराव्या शतकात हुंडीच्या किंवा देयकाच्या स्थळप्रतीला 'चेक' म्हणू लागले. बनावट कागद ओळखण्यासाठी तो पडताळा होता. पुढे ते नाव मूळ कागदाला चिकटले. अमेरिकेने जुनीच अक्षरे ठेवली. ब्रिटनने 'एक्स्चेकर'च्या वळणावर नवी घडवली आणि आपण तीच उचलली. म्हणजे तपासणीचा चेक आणि पैशाचा चेक मुळात एकच. त्या अशिक्षित बाईंच्या कानाने जे जोडले, ते इतिहासानेही जोडलेलेच होते. तोडले होते ते आमच्या कार्यालयाने.

वाक्प्रचारांकडे पाहिले म्हणजे या शब्दाच्या स्वभावातले द्वंद्व स्पष्ट होते. कोणाला 'चेकमध्ये ठेवणे' म्हणजे आवरून धरणे. 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणजे सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवर घालणे. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडलेला सत्ताविभाजनाचा विचार अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत असा उतरला. याउलट 'कोरा चेक देणे' म्हणजे सगळे आवर काढून घेणे. जुलै १९१४ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला जो बिनशर्त पाठिंबा दिला त्याला इतिहासकार याच नावाने ओळखतात, आणि त्या चेकची रक्कम सगळ्या जगाने भरली. अमेरिकेतला 'रेन चेक' सौम्य आहे: पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला तर पुढच्या सामन्याला चालणारा तिकिटाचा तुकडा. आज जमत नाही, पण माझा हक्क राखून ठेवा, असा त्याचा अर्थ.

'चेकलिस्ट'ची कथा वेगळी आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळले. यंत्रात दोष नव्हता; सुकाणूची खीळ काढायचे अनुभवी वैमानिक विसरला होता. त्यातून वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचायची यादी तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तशीच यादी आणली. हा चेक कुशल माणसाने स्वतःवरच ठेवलेला आहे, आणि म्हणून तो मला सर्वांत सुसंस्कृत वाटतो.

तर चेक तीन दिशांना जातो: वर, म्हणजे सत्तेकडे, आत, म्हणजे स्वतःकडे, आणि खाली, म्हणजे सामान्य माणसाकडे. शब्दाचा जन्म पहिल्या दिशेने झाला. बुद्धिबळात प्याद्याला शह नसतो. घोडा मारा, उंट मारा, प्यादी कापून काढा, 'शह' म्हणण्याची कोणालाही गरज नाही. तो शब्द फक्त राजासाठी आहे. आमच्या घटनाकारांनाही हे भान होते. नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद कदाचित सर्वांत महत्त्वाचे ठरेल, असे डॉ. आंबेडकरांनी १९४९ मध्ये घटना समितीत सांगितले होते. त्या पदाच्या इंग्रजी नावातला 'कंट्रोलर' मूळचा 'काँत्र-रोल' वाला, म्हणजे मूळ नोंदीशी ताडून पाहण्यासाठी दुसरी नोंदवही ठेवणारा. आपली परंपराही वेगळी नाही. कौटिल्याने अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत, ते खजिन्याला हात लावणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अपहाराचे.

परंतु प्रत्यक्ष कचेरीत काय दिसते? आमच्या चेकांपैकी बहुतेक चेक खाली जातात. वर्षानुवर्षे निवृत्त माणसाने दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे सिद्ध केले. परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्याने त्यासाठी वकिलातीचे दार ठोठावले. विद्यार्थ्याने गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळवण्यासाठी अनोळखी बंगल्यांच्या पायऱ्या झिजवल्या. मीही अशा शेकडो प्रतींवर सह्या केल्या आहेत, आणि मूळ कागद किती वेळा नीट पाहिला असे कोणी शपथेवर विचारले तर माझी पंचाईत होईल. मालमोटारी जकात नाक्यांवर आणि तपासणी नाक्यांवर तासन्‌तास उभ्या राहिल्या.

असे का होते? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर सरळ आहे. ज्या वस्तूची किंमत आपल्याला द्यावी लागत नाही, तिची मागणी आपण अमर्याद करतो. खाली जाणाऱ्या चेकची किंमत कार्यालयाला शून्य असते. ती नागरिक भरतो. त्या आजींचेच उदाहरण घ्या. त्या काळी भविष्य निर्वाह निधीवर वर्षाला १२ टक्के व्याज होते. सात महिने घर चालवण्यासाठी त्यांनी आपल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, त्या महिना शेकडा तीन दराने, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. सरकार आपल्या दराने व्याज देऊन मोकळे झाले तरी मधले २४ टक्के कोणाच्या पदरचे? आमच्या आठ खुणांचा तो खर्च होता, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. उलट वर जाणाऱ्या चेकची किंमत मात्र तपासणाऱ्यालाच मोजावी लागते: बदली, नाराजी, बिघडलेला गोपनीय अहवाल. एक चेक फुकट आणि दुसरा महाग. मग कोणता जास्त खपेल हे सांगायला अर्थशास्त्रही नको.

यावर कोणी म्हणेल की तपासणी सैल केली तर लबाडांचे फावेल. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि मी ते टाळू इच्छित नाही. खोट्या वारसांनी रकमा उचलल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. पण त्या नस्त्यांवरही सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या! आठ जणांनी तपासायचे असले की पहिला म्हणतो पुढचे सात आहेत, आणि आठवा म्हणतो मागच्या सातांनी पाहिलेच असेल. खुणा वाढतात तशी नजर विरळ होते. लेखापरीक्षकसुद्धा प्रत्येक कागद तपासत नाही. तो नमुने निवडतो, जेथे रक्कम मोठी आणि जोखीम अधिक तेथे खोल जातो. सर्वांवर सारखा संशय घेण्यात आळस जास्त आणि दक्षता कमी असते.

गेल्या काही वर्षांत पाऊल योग्य दिशेने पडले आहे, हेही नमूद केले पाहिजे. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. प्याद्याने राजाला शह देण्याचा तो कायदाच आहे. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा करून लोकसेवांना कालमर्यादा घातली. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वयंसाक्षांकनाचा आग्रह धरला होता, तो २०१४ च्या सुमारास केंद्रात अमलात आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आले आणि हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची सोय झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाकेही उठले. यातल्या प्रत्येक चेकविना आकाश कोसळेल, असे सांगणारे लोक मला बैठकांत भेटले होते. आकाश आहे तेथेच आहे.

पण सवय चिवट असते. आता नस्तीची जागा संगणकाने घेतली आहे आणि 'नाव जुळत नाही' हे वाक्य पडद्यावर उमटते. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव ही आपली पद्धत. आधारपत्रावर एक क्रम, पॅनवर दुसरा, पारपत्रावर तिसरा. परप्रांतात किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना याचा अनुभव सांगायला नको. यंत्र कारकुनापेक्षा वेगाने तपासते हे खरे, पण अडचण नेमकी कोठे आहे आणि ती कशाने सुटेल, हे यंत्रही सांगत नसेल तर आपण खिडकी बदलली, रीत नाही.

मला सुचणारा उपाय त्या जुन्या खेळातच आहे. शह देण्याच्या त्या रीतीत तीन गोष्टी होत्या. एक, तो राजाला असे. म्हणून कोणतीही नवी तपासणी सुरू करण्यापूर्वी विचारावे की ही कोणाला आवर घालते आणि तिचा खर्च कोण भरतो. दोन, तो मोठ्याने उच्चारला जाई. म्हणून त्रुटी असेल तर ती लेखी, समजेल अशा भाषेत आणि सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात. आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी असे नव्हे. तीन, शहानंतर पुढची खेळी करण्याची संधी असे. म्हणून त्रुटीसोबत उपाय आणि मुदत सांगितलीच पाहिजे. नागरिकाला हलायला घर न ठेवता दिलेला चेक हा शह नसतो, ती मात असते. आणि त्यालाच मात द्यायची, तर हा डाव मांडला तरी कशासाठी?

त्या आजींचे शपथपत्र मी दुसऱ्या दिवशी करून घेतले आणि अकराव्या दिवशी चेक तयार झाला. तो घ्यायला त्या पुन्हा तीच नऊवारी नेसून आल्या. कागद उलटसुलट करून पाहिला, पदराच्या गाठीत बांधला आणि म्हणाल्या, "आला एकदाचा चालत. दमला असेल हो बिचारा."

त्या रागावल्या असत्या तर मी एव्हाना विसरलो असतो.